अनंत संचांना नेहमीचे तर्कशास्त्र पुरते का?

प्रश्न : ‘विधान खरे असते किंवा खोटे, तिसरा पर्याय नाही’ हा नियम अनंत संचांनाही लावता येतो का? आमच्या वर्गात यावरून चांगलीच जुंपली.
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : जुंपली हे उत्तमच झाले! डच गणिती ब्राउवर यांनी १९०८ साली नेमकी हीच शंका काढली होती. गोल्डबाखचे अनुमान घ्या : २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १०० पर्यंत कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येते. ९८ म्हणजे १९ अधिक ७९. यादी संपते, निकाल लागतो. सगळ्या सम संख्यांची यादी मात्र संपतच नाही. मग सिद्धता किंवा प्रतिउदाहरण हाती नसताना ‘खरे किंवा खोटे’ म्हणायचे कशाच्या बळावर, हा त्यांचा सवाल.

जर्मन गणिती हिल्बर्ट यांना हे मुळीच मान्य नव्हते. पुढे १९३३ मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांनी दाखवले, की अंकगणितापुरते बोलायचे तर ब्राउवर यांच्या वळणाची, म्हणजे ‘खरे किंवा खोटे’ हा नियम टाळणारी पद्धत सुसंगत (स्वतःशीच विरोध नसलेली) असेल, तर नेहमीचीही असते. म्हणून मी हा नियम बिनदिक्कत वापरतो. पण उत्तरपत्रिकेत ‘अशी संख्या असते’ एवढेच दिसले, की ‘काढून दाखव’ असा शेरा मारतोच. ‘नाही’ मानल्यास विसंगती येते, एवढ्यावरूनच सिद्ध झालेले अस्तित्व मला अर्धेच वाटते.