शेजाऱ्याचा सीसीटीव्ही आमच्या परसात रोखलेला आहे, काय करता येईल?

आधी कॅमेऱ्यात नेमकं काय दिसतं ते बघा. शेजाऱ्यांना मोबाइलवर लाइव्ह चित्र दाखवायला सांगा. २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंशांचा पट्टा टिपते, त्यामुळे गेटसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातही तुमची मोरी येऊ शकते. उलट, तोंड तुमच्याकडे दिसूनही चित्रात फक्त भिंत असू शकते. घुमटाकार काळ्या काचेचा असेल तर बाहेरून काहीच कळत नाही.

परस दिसत असेल तर कॅमेरा हलवायचा आग्रह धरू नका, ‘प्रायव्हसी मास्क’ मागा. बहुतेक डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीच्या) मेनूत ही सोय असते. तुमच्या बाजूवर काळा चौकोन ओढला की तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. फिरता कॅमेरा असेल तर तो सगळीकडे फिरवून मास्क जागेवर राहतो का, हेही तपासा.

ऐकत नसतील तर तारखेसह फोटो काढा, सोसायटीला लेखी कळवा, मग पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. बाईचं आंघोळ किंवा कपडे बदलतानाचं चित्रण होत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. अशा वेळी सोसायटीच्या उत्तराची वाट पाहू नका, थेट पोलिसांत जा. नुसतं अंगण दिसत असेल तर मार्ग दिवाणी कोर्टातल्या मनाईहुकुमाचा, आणि तो वेळखाऊ.

तोवर ९० टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधा. कॅमेरा फोडणं किंवा त्यावर लेझर मारणं टाळा, गुन्हा तुमच्यावरच नोंदला जाईल, तोही त्याच कॅमेऱ्याच्या पुराव्यावर.