पेडण्याची माती आणि बुलेट ट्रेन

ताई, नमस्कार.

मुलाला सिव्हिल घेऊन बुलेट ट्रेनच्या कामावर जायचंय, आणि तुम्ही विचारता, गोव्यात बुलेट ट्रेनच नाही, मग गुण चांगले असताना कॉम्प्युटर का नको? मी मुलाच्या बाजूने आहे. कारण तुम्हीच लिहिलंय: त्याचे आजोबा कोकण रेल्वेच्या, उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यावर कामाला होते.

तो बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण माती ओली आणि मऊ. खणावं तर वरून चिखल उतरायचा. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तोवर या डोंगराने माणसांना दमवलं. जुलै २०२४ मध्येही तिथेच पाणी शिरून गाड्या थांबल्या.

आता बुलेट ट्रेन बघा. ताशी ३२० किलोमीटरच्या गाडीला वळण कित्येक किलोमीटर त्रिज्येचं लागतं. डोंगर, खाडी, वस्ती दिसली की बगल देऊन जाता येत नाही. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यात मुंबईकडे २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. बाकी बहुतेक मार्ग खांबांवर. खांब किती खोल न्यायचा, हे बोअर मारून ठरतं. नळीतून निघालेले दगडमातीचे तुकडे पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात. ती पेटी वाचणारा इंजिनिअर मोलाचा.

जमिनीचा प्रश्न वेगळा. कोकण रेल्वेच्या वेळी खाजन शेतं (खाडीकाठची, बांध घातलेली) आणि जुन्या वस्त्यांसाठी गोव्यात आंदोलन झालं, काम थांबलं. आखणी करणाऱ्याला लोकांसमोर बसून ऐकता आलं पाहिजे. हे कॉलेजात फारसं शिकवत नाहीत.

जेईईचे गुण तुम्ही लिहिले नाहीत. जमलं तर कुंकळ्ळीचं एनआयटी, नाहीतर फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही चालतील. मृदा यांत्रिकी (माती भार कसा पेलते त्याचा अभ्यास) आणि सर्वेक्षण मनापासून करावं, मग गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन जिओटेकमध्ये, म्हणजे जमीन आणि पायाच्या अभियांत्रिकीत, एमटेक.

एक मात्र आधीच सांगते. साइट म्हणजे घरापासून लांब, अनेकदा गणेश चवथीलाही सुट्टी नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने सव्वा वर्षात नोकरी सोडली. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं, अजून मनाला लागतं.

आता मुलाला आजोबांजवळ बसवा. पाणी कुठून यायचं, आधार कसे दिले, माती कधी ढासळली, सगळं वहीत उतरवू दे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ती वही घेऊन त्याला माझ्याकडे फोंड्याला पाठवा.