वाचकांचे प्रश्न : लघुपटांचा संच घरी पाहताना

पिक्सार या अमेरिकी स्टुडिओच्या संगणकनिर्मित लघुपटांचे तीन संच घरी पाहण्यासाठी तबकड्यांच्या रूपात निघाले. पहिला २००७ मध्ये, दुसरा २०१२ मध्ये आणि तिसरा २०१८ मध्ये. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा त्यांच्या सामानातून हे संचही येत असावेत, कारण सुट्टीनंतर आलेल्या टपालात त्यांच्याविषयीची चार पत्रे निघाली आणि चारही किनारपट्टीवरची आहेत.

प्रश्न : मुलीने नातवंडांसाठी पहिला संच आणला. मी तो सुरुवातीपासून लावला, पण पहिला लघुपट संपतो न संपतो तोच मुले “आजोबा, हे किती जुनं आहे!” म्हणत अंगणात पळाली. त्यातले तेरा लघुपट क्रमाने दाखवावेत की निवडून? – एक निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : क्रम मोडू नये, असे माझे मत आहे, मात्र पहिला लघुपट तूर्त बाजूला ठेवावा. ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.’ हा १९८४ चा लघुपट पिक्सार ही स्वतंत्र कंपनी होण्याआधी लुकासफिल्म या चित्रपट कंपनीच्या संगणक विभागात तयार झाला. अभ्यासकाला त्याचे मोल आहे, आठ वर्षांच्या मुलाला नाही. आपण १९८६ च्या ‘लक्सो ज्युनियर’पासून आरंभ करावा आणि तो लावण्याआधी नातवंडांना एवढेच सांगावे, की त्या काळच्या संगणकाला काय काय जमत नव्हते.

त्याला केस जमत नव्हते, कापडाची चुणी जमत नव्हती आणि माणसाचा चेहरा तर मुळीच नाही. पत्रा, प्लॅस्टिक असले गुळगुळीत, टणक पृष्ठभाग मात्र बऱ्यापैकी साधत. म्हणून दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी माणसाच्या वाटेला न जाता टेबलावरचा दिवा हेच पात्र केले. दिव्याला डोळे नाहीत, तोंड नाही. जो काही अभिनय आहे तो मानेचा आणि उडीचा. धाकटा दिवा चेंडूवर उड्या मारता मारता तो फोडतो आणि मग त्याची मान जी खाली जाते, ती कैरी पाडताना शेजाऱ्याचे कौल फोडलेल्या पोराची मान असते. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा मुलांना सावल्या पाहायला सांगा. दिवे हलतात तशा त्यांच्या सावल्याही हलतात, हे आज कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे लागतात, म्हणजे दोन मिनिटांसाठी तीन हजारांच्या घरात, आणि त्यांतल्या प्रत्येक चित्रात उजेड कुठे, अंधार कुठे हे संगणकाला नव्याने गणून काढावे लागे.

१९८८ च्या ‘टिन टॉय’मध्ये याच मंडळींनी माणसाचे बाळ करून पाहिले आणि स्पष्टच सांगायचे तर ते बाळ आजही भेसूर दिसते. पत्र्याचे खेळणे झकास वठले आहे. बाळाचा लंगोट मात्र सुताराने तासून बसवल्यासारखा वाटतो. तरीही संगणकनिर्मित चित्रपटाला मिळालेले पहिले ऑस्कर याच लघुपटाचे. बाळात काय चुकले, हे नातवंडांनाच शोधू द्यावे. मुले अशा चुका फार आनंदाने काढतात. पुढे १९८९ च्या ‘निक नॅक’नंतर संच एकदम १९९७ च्या ‘जेरीज गेम’वर उडी घेतो. मधली आठ वर्षे कुठे गेली, असे एखादे चौकस नातवंड विचारीलच. त्या वर्षांत १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार झाला. ‘जेरीज गेम’मध्ये बागेत एकटाच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा आहे. टेबलाच्या एका बाजूला चष्मा लावून तो बुजरा होतो, दुसऱ्या बाजूला चष्मा काढून खवचट होतो, आणि हरायची वेळ आली की छातीत कळ आल्याचे सोंग करून पट फिरवतो. त्याच्या हातांवर सुरकुत्या आहेत, अंगावरचा कोट हालचालीबरोबर चुरगळतो. ‘टिन टॉय’मधले बाळ आदल्या दिवशी पाहिलेले असेल, तरच या म्हाताऱ्याचे नवल वाटते, क्रम राखायचा तो एवढ्यासाठीच.

एका बैठकीला तीनच लघुपट लावावेत. सगळा संच जेमतेम तासाभराचा असल्यामुळे एका दमात संपवण्याचा मोह होतो, पण मग रात्री जेवताना मुलांना शेवटचा तेवढा आठवतो.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी समजणारी मुले थोडी आहेत. किनाऱ्यावरच्या मुलांना जवळचे वाटतील असे लघुपट सुचवाल का? गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवातही ते दाखवण्याचा विचार आहे. – एक शिक्षिका, मालवण तालुका

उत्तर : भाषेची काळजी नसावी. यांतले पुष्कळसे लघुपट बिनसंवादाचे आहेत. घरातली केवळ मालवणी बोलणारी आजीही ते मुलांच्या बरोबरीने पाहू शकेल. दुसऱ्या संचातला ‘ला लूना’ आपल्या मुलांसाठीच केला असावा असे वाटते. एनरिको कासारोसा यांच्या या लघुपटात रात्रीच्या समुद्रात एका होडीत आजा, बाप आणि मुलगा बसलेले आहेत. ते शिडी लावून चंद्रावर चढतात आणि तिथे पडलेले तारे झाडूने लोटतात. मुलाने टोपी डोळ्यांवर ओढून घालायची की मागे सारून, यावरून आजा आणि बाप यांची जी ओढाताण चालते, ती जाळे कसे टाकावे यावरून रापणीच्या वेळी चालणाऱ्या वादापेक्षा वेगळी नाही. तिघे बोलतात, पण ते नुसते पुटपुटणे आहे, कोणतीच भाषा नव्हे.

तिसऱ्या संचातला ‘पायपर’ हा अ‍ॅलन बारिलारो यांचा २०१६ चा लघुपट तर अवश्य दाखवावा. लाटेच्या पुढे-मागे धावत ओल्या वाळूत चोच खुपसणारे इवले पाणपक्षी आपल्या मुलांनी रोज पाहिलेले असतात. त्यांच्यापैकीच एक पिल्लू लाटेला घाबरते आणि मग शंखातल्या एका छोट्या खेकड्याकडून वाळूत रुतून बसायला शिकते. लाट वरून निघून जाते आणि पाण्याखाली त्याला शिंपलेच शिंपले दिसतात. लाट ओसरताना वाळूचा रंग काळपटावरून फिकट होतो, तेवढा भाग थांबवून दाखवावा आणि संध्याकाळी मुलांना प्रत्यक्ष किनाऱ्यावर नेऊन तोच बदल पाहायला सांगावे. ज्या यंत्राला एके काळी टणक दिव्याच्या पलीकडे जाणे अवघड होते, त्याने ओली पिसे आणि ओली वाळू कशी पकडली आहे, हे या मुलांइतके नेमके दुसऱ्या कोणाला तपासता येणार नाही.

आता मांडवाविषयी. या तबकड्या घरगुती पाहण्यासाठी विकल्या जातात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला तिच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्याची सवलत आहे; मात्र प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. तेव्हा वर्गात खुशाल दाखवा. मंडळाचा मांडव सर्वांना खुला असतो. तिथे तिकीट नसले तरी हक्कधारकाची परवानगी लागते.

प्रश्न : अमेरिकेहून भाच्याने आणलेला संच आमच्या प्लेअरवर चालत नाही. तबकडी खराब समजावी काय? – एक वाचक, देवगड

उत्तर : खराब समजू नये. तबकड्या विकण्यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. डीव्हीडीच्या विभागणीत अमेरिका विभाग १ मध्ये आणि भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या तबकडीची विभागणी निराळी असून तिच्यात अमेरिका ए आणि भारत सी आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला पृथ्वीगोलाच्या चित्रात हा आकडा किंवा अक्षर छापलेले असते, ते आधी पाहावे. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर घेणे हा सरळ मार्ग आहे. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा विभाग बदलता येतो, परंतु साधारणपणे पाचच वेळा. पाचव्या वेळी जो विभाग निवडाल तो कायमचा राहतो. भाच्याच्या प्रेमापोटी घरच्या सगळ्या तबकड्या बंद पडणार नाहीत, एवढी दक्षता घ्यावी.

प्रश्न : पावसाळ्यात तबकड्यांवर पांढरे ठिपके पडतात. उपाय सांगावा. – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ती बुरशी आहे. माझ्याही काही तबकड्या एका आषाढात माळ्यावर राहिल्या आणि श्रावणात काढल्या तेव्हा त्यांच्यावर भाकरीवर येतो तसा पांढरा थर होता. जुन्या धोतराचा मऊ, स्वच्छ तुकडा किंचित ओला करून तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल फिरवून पुसू नये, कारण नोंदी गोलाकार असतात आणि त्यांच्याच दिशेने पडलेला ओरखडा वाचणे प्लेअरला सर्वांत जड जाते. पुसलेली तबकडी पूर्ण वाळल्यावरच डब्यात घालावी. डबे भिंतीला टेकवून ठेवू नयेत; झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या पेटीत, नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावेत आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पेटी घटकाभर उघडावी, उन्हात मात्र नव्हे.