पूरपट्ट्यातील शेतकऱ्यांचे प्रश्न : पुलावरचे फूट आणि आपले शिवार

प्रश्न : २०१९ च्या महापुरातून शासकीय यंत्रणा काही शिकल्या का, आणि पुराचा इशारा मिळाल्यावर आम्ही नेमके काय करावे? (मिरज, पलूस व शिरोळ तालुक्यांतील नदीकाठचे शेतकरी)

उत्तर : शिकल्या, परंतु ते शिकणे अजून शिवारापर्यंत पुरते पोहोचलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, कारण रस्ते पाण्याखाली गेल्यावर बोटीखेरीज बाहेर पडण्याचा मार्गच उरला नव्हता. पुढे या पुराची कारणे शोधण्यासाठी शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूररेषेतील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाबाबत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील समन्वय वाढला आणि जुलै २०२१ च्या पुरात स्थलांतरही अधिक लवकर सुरू झाले. अतिक्रमणांचे काम मात्र मागेच राहिले आहे.

उणीव आहे ती अशी, की इशारा पुलावरच्या फुटांत, म्हणजे पुलाजवळ मोजलेल्या नदीच्या पातळीत येतो. आपला ऊस किती फुटांना पाण्यात जातो, हे त्यात नसते. पाणी पुष्कळदा नदीकडून न येता ओढ्याच्या फुगीने, म्हणजे नदीचे पाणी ओढ्यात उलटे चढून, मागून शिरते. म्हणून २०१९ आणि २०२१ मध्ये पुलावर किती फूट असताना ओढा, मोटार, गोठा आणि बांध बुडाले, हे गावातील जाणत्यांना विचारून लिहून ठेवावे, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि पाणी त्या पातळीला पोहोचण्याआधीच मोटार-स्टार्टर व जनावरे हलवावीत.

पूर ओसरताच चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे आणि वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकेपर्यंत, खत देऊ नये. शेंडा बुडालेल्या उसाचा पोंगा (शेंड्यातील कोवळ्या पानांची गुंडाळी) कुजला, की वाढ थांबते आणि कांडीवरचे डोळे फुटू लागतात. अशा उसाची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात देऊन लवकर तोड मागावी.

मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात नोंदले जाणे आवश्यक असते. पाणी शेतात असतानाच छायाचित्रे काढून ठेवावीत. पाने काही दिवस हिरवी राहत असल्याने बांधावरून पाहणाऱ्यास ऊस शाबूत वाटतो. त्यामुळे तलाठी व कृषी सहायक आल्यावर त्यांना आत नेऊन दोन-चार ठिकाणचे पोंगे ओढून दाखवावेत. कुजलेला पोंगा सहज हातात येतो आणि त्याला घाण वास येतो.