आलं वापरायला लागताय? मग एवढं ऐका

सगळ्यात आधी आलं आणि सुंठ यांतला फरक नीट समजून घ्या. 'आलं' आलं संस्कृत 'आर्द्रक'वरून. आर्द्र म्हणजे ओलं. तेच वाळवलं की सुंठ. पण सुंठ म्हणजे केवळ पाणी उडालेलं आलं नव्हे. वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं, म्हणजे आल्याला तिखटपणा देणाऱ्या घटकाचं, शोगाओल नावाच्या दुसऱ्या घटकात रूपांतर होतं आणि ते जास्त झणझणीत असतं. म्हणून आल्याऐवजी सुंठ घालताना हात आखडताच ठेवा. (इंग्रजी 'जिंजर'चं मूळही आल्याच्या 'शृंगवेर' या संस्कृत नावापर्यंत जातं, मला हे फार आवडतं.)

सालीसाठी सुरी नको. चमच्याच्या कडेने खरवडा, साल पापुद्र्यासारखी सुटते आणि गाठींच्या खाचांतलीही निघते. वाटायचं असेल तर आधी रेषांना आडव्या पातळ चकत्या करा, म्हणजे वाटणात दोरे येत नाहीत.

चहात दूध फाटतं ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. कच्च्या आल्यातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळू द्या, दूध मग घाला. उकळीने ते विकर निकामी होतं.

औषध म्हणून? मळमळीवर त्याचा उपयोग होतो, घसा दुखताना गरम काढ्याने बरं वाटतं. सर्दी मात्र आपल्या वेळेनेच जाते; 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण उगाच नाही! रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रोजचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा.