चार्टरची सीट लागलीय ताई, घेऊ का?

मी समुपदेशक आहे, आणि शाळांच्या लॉटरीचे निकाल लागले की माझ्याकडे हे फोन सुरू होतात. जर्सी सिटीतली मराठी जोडपी, मूल सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार, चार्टर शाळेच्या लॉटरीत नंबर लागलाय आणि हो-नाही कळवायला हातात थोडेच दिवस. प्रश्न सगळ्यांचा एकच, शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं, आणि सीट सोडली आणि नंतर पस्तावलो तर? झोप उडालेली असते, नवरा-बायकोत धुसफूस चालू असते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा जणांची दहा मतं. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

नवीन आलेल्यांसाठी आधी थोडं. चार्टर म्हणजे खाजगी शाळा नव्हे. पैसा सरकारी, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी, आणि भावंड आधीपासून तिथे असेल तर त्याला प्राधान्य देता येतं. फक्त कारभार गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे गावातल्या बाकीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे नसतो, शाळेचं स्वतंत्र विश्वस्त मंडळ असतं. अमेरिकेत पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटात झाला, न्यू जर्सीचा 1995 चा. इथे राज्य शाळेला आधी चार वर्षांची परवानगी देतं, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, आणि शाळा नीट चालली नाही तर परवानगी जाऊ शकते.

आता सोनूच्या आई-बाबांची गोष्ट. (सोनू हे नाव मी दिलेलं, बाकी ओळखीच्या खुणाही बदलल्यात.) जर्सी सिटीतल्याच जर्नल स्क्वेअर भागात राहणारं कुटुंब, दोघंही नोकरी करणारे. बाबा पहिल्या सेशनला लॅपटॉप घेऊनच आले आणि एक्सेल शीट उघडून दाखवली. शाळांची नावं, पुढे रेटिंग, गणिताचे टक्के, घरापासून चालत किती मिनिटं, आफ्टरकेअरची फी, इंडियन मुलं किती, हिरवे रकाने, लाल रकाने. खूप कष्ट घेतले होते आणि मी तसं त्यांना सांगितलं सुद्धा. पण दोन सेशन आम्ही त्या शीटभोवतीच फिरत राहिलो. आई फारसं बोलत नव्हत्या. बाबांनी एखादा मुद्दा मांडला की त्या मान हलवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जणू मी काहीतरी विचारावं म्हणून थांबल्यायत.

मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी समुपदेशक आहे. माझ्या खोलीत सल्ल्याआधी ऐकणं येतं, आणि माणसं जे बोलत नाहीयेत तेही ऐकायचं असतं. म्हणून पुढच्या वेळी म्हटलं, "शीट बाजूला ठेवू या. समजा मी त्या शाळेतली अ‍ॅडमिशन बघणारी बाई आहे, विचारा मला काय विचारायचंय ते."

बाबांनी छान प्रश्न विचारले. टीचर्स किती वर्षं टिकतात, वर्गात किती मुलं, होमवर्क किती. सगळं झाल्यावर मी म्हटलं, "आता माझा एक प्रश्न. सोनू कसा आहे?"

"हुशार आहे. इंग्लिश वाचायला लागलाय, शंभरच्या पुढे मोजतो."

"आणि?"

बाबांनी बायकोकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांगा ना."

ते काहीच बोलले नाहीत. मग त्याच बोलल्या. "तो अडखळतो ताई. 'म'ला अडकतो. 'मला पाणी हवंय' म्हणायचं असलं की म-म-म असं होतं, मग तो वाक्यच सोडून देतो आणि बाटलीकडे बोट दाखवतो. प्रीकेमध्ये स्पीच थेरपी चालू आहे, आयईपी आहे त्याचा. पण नवीन शाळेला हे सांगायचं नाही असं ठरवलंय आम्ही." (प्रीके म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग. आयईपी म्हणजे खास गरज असलेल्या मुलाला शाळेने काय मदत द्यायची याचा लेखी आराखडा.)

"कळलं तर सीट देणार नाहीत ना," बाबा म्हणाले. "आणि एकदा शिक्का बसला की बसला."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर दहा वाक्यं येतात आणि ती गिळायला वर्षं घालवावी लागतात, ती मी घालवलीयत. बऱ्याच वेळाने मी फक्त एवढं म्हटलं, "म्हणजे शीटमध्ये तुम्ही शाळा शोधताय ती न अडखळणाऱ्या सोनूसाठी."

आईंना रडू आलं. बाबांनी लॅपटॉप मिटला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, "मग त्याच्यासाठी शाळा शोधायची तर विचारायचं काय?" हा प्रश्न त्यांचा त्यांना सापडला याचा मला आजही फार आनंद आहे, कारण मी तो हातात ठेवला असता तर ते नुसतं लिहून घेऊन गेले असते.

त्या दिवसापासून शाळेबद्दल विचारणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी आधी मुलाबद्दल बोलायला लावते. कोणी अडखळतं, कोणी वर्गात महिनाभर तोंड उघडत नाही, कोणी एवढं पुढे असतं की कंटाळून खोड्या काढतं. आपण शाळा पारखायला जातो तेव्हा मुलाचा नेमका तोच भाग झाकून ठेवतो ज्याच्यासाठी शाळेची खरी गरज असते. मग टूरवर भिंतीवरची चित्रं बघून, युनिफॉर्म बघून खूश होऊन येतो, आणि शाळेने त्या मुलाबद्दल काही सांगितलेलंच नसतं कारण आपण विचारलेलंच नसतं.

आणि कायदा इथे पालकांच्या बाजूने आहे, हे बाबांना माहीतच नव्हतं. चार्टर ही सरकारी शाळाच असल्यामुळे अपंगत्वामुळे किंवा आयईपीमुळे तिला मूल नाकारता येत नाही. आयईपी मुलाबरोबर येतो आणि त्यातल्या सेवा शाळेला द्याव्याच लागतात. शिक्क्याचं म्हणाल तर आयईपी दरवर्षी पुन्हा बघितला जातो आणि गरज संपली की बंदही होतो. उलट सांगितलंच नाही तर सप्टेंबरात थेरपी बंद पडण्याचा धोका असतो, आणि बोटाने बाटली दाखवणारं पोर नव्या वर्गात एकटं पडतं.

सोनूच्या आईने स्वतः फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, "हो हो, आमच्याकडे सगळ्या मुलांना सपोर्ट मिळतो." आम्ही आधीच ठरवलं होतं की असल्या उत्तरावर फोन ठेवायचा नाही. त्यांनी पुढे विचारलं की थेरपिस्ट शाळेची की बाहेरची, आठवड्यातून किती वेळा, मुलाला कुठल्या तासातून उठवणार. त्या बाईंना माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी स्पेशल एज्युकेशन बघणाऱ्या बाईंचा फोन आला, त्यांनी नीट सगळं सांगितलं आणि आत्ताचा आयईपी पाठवून द्या, शाळा सुरू व्हायच्या आधी भेटू म्हणाल्या. सोनूच्या आई-बाबांनी सीट घेतली. हेच उत्तर कुठे असं येतं, "आमचा वेग जरा जास्त आहे, तुमच्या मुलाला दुसरी शाळा बरी पडेल." असं गोड बोलून मुलं वळवणाऱ्या शाळा असतात. हे ऐकलंत तर मुलाचं भलं कशात आहे ते त्यांनीच सांगून टाकलंय असं समजा, आणि हक्क सोडायचा की नाही ते मग शांतपणे ठरवा.

आकडे बघूच नका असं मी म्हणत नाही, पण बघायचे ते कामाचे बघा. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट वेबसाइटवर टाकतं. नुसते पास होणाऱ्यांचे टक्के बघितले तर बरेचदा आईबापांची कमाईच दिसते, म्हणून प्रगतीचा, म्हणजे ग्रोथचा आकडा बघा. तिथे 50 म्हणजे आधी तेवढेच मार्क असलेल्या राज्यातल्या मुलांच्या बरोबरीने पुढे गेलेली मुलं. आयईपीवाली मुलं किती टक्के आहेत ते बघा आणि गावच्या डिस्ट्रिक्टशी ताडून बघा, चार्टरचा आकडा फारच कमी असेल तर का म्हणून विचारा. आणि इयत्तावार पटसंख्या तर बघाच बघा. समजा किंडरला 60 मुलं आणि आठवीत 35, तर बाकीची कुठे गेली, आणि रिकाम्या जागा वेटलिस्टवरून भरता का, हे विचारायला लाजू नका. विश्वस्त मंडळाच्या मीटिंगा कायद्याने खुल्या असतात, एखादीला जाऊन मागे बसा, टूरवर जे दिसत नाही ते तिथे कानावर पडतं.

ग्रुपवर एक अभ्यास सारखा फिरतो, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राचा 2015 चा. 41 शहरी भागांमधले चार्टर त्यांनी तपासले आणि तिथली मुलं सरासरी गणितात वर्षाला 40 दिवस आणि वाचनात 28 दिवस जास्तीचं शिकतात असं मांडलं. अभ्यास मोठा आहे, पण ती सरासरी आहे, त्यातच काही शहरं मागेही पडलेली दिसतात. तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल त्यातून काही कळत नाही.

राहिली ती सगळ्यात मोठी भीती, की चुकलो तर संपलं. संपत नाही. चार्टर सोडली तर तुमच्या पत्त्याच्या डिस्ट्रिक्टला मूल वर्षाच्या मध्यावर सुद्धा घ्यावंच लागतं. परत जाता येत नाही ते चार्टरमध्ये, कारण तिथे पुन्हा वेटलिस्ट लागते. म्हणून दोन्ही दारं उघडी असतानाच, म्हणजे सीटला हो म्हणायच्या आधी, तो एक फोन करा आणि शक्यतो दोघांनी मिळून करा, स्पीकरवर ठेवून. सोनूचे बाबा पहिल्या फोनला शेजारी नुसते बसून होते, दुसऱ्या फोनला मात्र 'म' ला अडकतो हे त्यांनीच सांगितलं.