हेलिपॅड बंद पडतं ते बहुतेकदा शेजारच्या प्लॉटमुळे

तुमचे प्रश्न दोन आहेत: घोडबंदर रोडच्या नव्या प्रोजेक्टच्या माहितीपत्रकात 'खासगी हेलिपॅड' दाखवलंय, त्यासाठी जास्त दर द्यावा का? आणि कंपन्यांची जुनी हेलिपॅडं ओस का पडतात? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ वर-खाली करतं, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला तिरपी मोकळी वाट लागते, आणि वारा फिरतो म्हणून ती दोन दिशांना असलेली बरी. अमेरिकेतला नियम ८ ला १ असा आहे: पॅडपासून ८ मीटर लांब गेलात की १ मीटर उंचीचा अडथळा चालतो. चाळीस मजली, म्हणजे अंदाजे १३० मीटरचा टॉवर त्या वाटेत असेल तर तो किलोमीटरहून लांब हवा. घोडबंदरला एवढं मोकळं आभाळ कुठल्या बिल्डरच्या मालकीचं आहे? हेलिपॅडच्या खुणेचा 'एच' आपल्या आवारात रंगवता येतो, शेजारी किती मजले चढवेल ते आपल्या हातात नसतं.

टीटीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात, बैठे कारखाने होते आणि खाडीवर वाशीचा एकच पूल होता, तेव्हा जुहूहून उडून प्लांटवर उतरण्यात अर्थ होता. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून धावपळ. खडी झाडा, भंगार यार्डातल्या ताडपत्र्या बांधा, फायरची गाडी उभी करा, कुत्री हाकला. हे सगळं दहा मिनिटांच्या उतरण्यासाठी! ३० बाय ३० मीटर धरलं तरी जवळपास नऊ गुंठे जागा अडते. जमिनीचे भाव चढल्यावर ते हिशेबनीसाच्या डोळ्यांत खुपणारच. बंद करण्याचा हुकूम वगैरे कधी निघाला नाही, एक दिवस तिथे बसेस लागायला लागल्या.

मग पॅड गच्चीवर न्यावं? अडथळे कमी होतात, धोका मात्र खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. न्यूयॉर्कच्या ५९ मजली पॅन अ‍ॅम इमारतीवरून १९६५ पासून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टरची सेवा होती. १९६८ ला ती थांबली, फेब्रुवारी १९७७ ला पुन्हा सुरू झाली. १६ मे १९७७ ला पंखे फिरत असताना उभ्या हेलिकॉप्टरचा चाकाचा पाय धातू थकून मोडला आणि ते कलंडलं. पात्यांनी गच्चीवरचे चार जण गेले, आणि तुकडा खाली पडून रस्त्यावरची एक बाई गेली. ते पॅड कायमचं बंद झालं. लॉस एंजेलिसने तर १९७४ पासून उंच इमारतींवर आपत्कालीन पॅड सक्तीचं केलं होतं, २०१४ मध्ये तो नियम सोडून दिला.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे हवाई हद्द. ठाण्याच्या एका बाजूला मुंबई विमानतळ आणि जुहू, दुसरीकडे २०२५ अखेर सुरू झालेलं नवी मुंबई विमानतळ. मनात आलं आणि उडालो, असं होत नाही. शिवाय अटल सेतू झाल्यापासून दक्षिण मुंबईहून नवी मुंबईला येणाऱ्याला गाडीच सोयीची पडते.

तेव्हा जास्त दर देऊ नका. बिल्डरला डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लेखी मागा, आणि नकाशावर येण्याजाण्याच्या दोन वाटा आखून घ्या. त्या वाटांखालचे रिकामे प्लॉट कोणाचे आहेत आणि तिथे किती मजल्यांना मंजुरी आहे, ते पालिकेच्या शहर विकास विभागात तुम्ही स्वतः जाऊन बघा. सेल्सवाल्या पोराला ते ठाऊक नसतं.